न वाढणारं हिमोग्लोबिन आणि चुलीमागची डबी

प्रकरण थोडक्यात असं: गरोदर बाई, वय २३, दुसरी खेप, पहिला मुलगा दोन वर्षांचा. राहणं सातारा जिल्ह्याच्या पूर्वेकडच्या दुष्काळी पट्ट्यात. घरची दोन एकर जिरायत, चार शेळ्या, एक म्हैस. घरात नवरा, सासू आणि सोळा वर्षांची नणंद. नाव आरोग्य उपकेंद्रात १४व्या आठवड्यात नोंदवलं. खरं तर ते १२ आठवड्यांच्या आत व्हायला हवं होतं.

आधीच सांगतो, ही कोणी एकच बाई नाही. माणदेशात, कोकणात, घाटमाथ्यावर आशाताई आणि सिस्टर ज्या गोष्टी वरचेवर पाहतात, त्या एकत्र करून प्रशिक्षणात चर्चेसाठी हे प्रकरण बांधलं आहे. त्यामुळे तिचे वजनाचे, रक्ताचे आकडे प्रकरणापुरते आहेत. अभ्यासांचे आणि सरकारी कार्यक्रमांचे आकडे मात्र खरे आहेत.

नोंदणीच्या दिवशी वजन ४१ किलो, उंची १५० सेंटिमीटर. वजन-उंचीचा निर्देशांक १८.२ आला, म्हणजे दिवस राहिले तेव्हाच ती अंगानं कमी होती. रक्तदाब १०६/६८, लघवीत दोष नाही. हिमोग्लोबिन ८.९. गरोदरपणात ११च्या खाली गेलं की रक्तक्षय धरतात. ७ ते ९.९ हा मध्यम, त्याच्याही खाली तीव्र. पहिलं बाळंतपण ३६व्या आठवड्यात झालं होतं आणि बाळ २ किलो १०० ग्रॅमचं. कार्डावर हे सगळं नीट लिहिलेलं होतं. ‘तंबाखू/दारूचे व्यसन’ या रकान्यापुढे ‘नाही’.

तिला लोहाच्या लाल गोळ्या सुरू झाल्या. ‘ॲनिमिया मुक्त भारत’ कार्यक्रमात गरोदर बाईला चौथ्या महिन्यापासून किमान १८० दिवस रोज एक गोळी देतात. त्या गोळीत ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड असतं. रक्त कमी असेल तर दिवसाला दोन. हिला दोन सांगितल्या. सोबत कॅल्शियम आणि जंताची एक गोळी. वर नेहमीचा सल्ला: हिरव्या भाज्या खा, दूध प्या, फळं खा, जड काम करू नका.

या सल्ल्याबद्दल थोडं बोलतो. मार्च-एप्रिलात त्या पट्ट्यात हिरवी भाजी म्हणजे आठवडी बाजारातली कोमेजलेली मेथीची जुडी, तीही पैसे असतील तर. म्हशीचं दूध डेअरीला जातं, कारण घरात रोख पैसा तेवढाच येतो. जड काम करू नका म्हणावं, तर पाणी कोण आणणार आणि भांगलण कोण करणार? सल्ला खोटा नाही, पण तो कोणत्याही बाईला, कोणत्याही गावी, कोणत्याही ऋतूत देता येतो. असा सल्ला ऐकून बाई मान हलवते आणि घरी जाते.

२०व्या आठवड्यात ती पुन्हा आली. हिमोग्लोबिन ९.०. वजन जेमतेम ८०० ग्रॅमने वाढलेलं. या काळात आठवड्याला साधारण अर्धा किलो वाढावं अशी अपेक्षा असते. दोन गोळ्या रोज पोटात गेल्या असत्या, तर महिनाभरात हिमोग्लोबिन एखाद्या ग्रॅमने तरी चढायला हवं होतं. गोळ्या घेतेस का विचारल्यावर ती ‘घेते की’ म्हणाली. डॉक्टरांपुढे दोन-तीन शक्यता होत्या. लोह शोषलं जात नाही, ब-१२ जीवनसत्त्व कमी आहे, किंवा थॅलेसेमियाचा, म्हणजे रक्ताच्या आनुवंशिक दोषाचा, वाहकपणा. त्यांनी पूर्ण रक्ततपासणी लिहून दिली. शिरेतून लोह द्यावं का, हाही विचार पुढे आला. पण इंजेक्शनच्या आधी घरी एक फेरी मारून या, असं त्यांनी आशाताईंना सांगितलं. या प्रकरणातला सगळ्यात शहाणपणाचा निर्णय हाच होता, असं माझं मत आहे.

घरी काय दिसलं

आशाताई त्याच गावच्या, पंधरा-वीस वर्षांनी मोठ्या. त्या सकाळी साडेसहाला गेल्या, मुद्दामच. सून परसात बसली होती. तोंडात बोट, ओठ काळपट. कार्डावरचा प्रश्न त्यांनी पुन्हा विचारला नाही. सहज विचारावं तसं म्हणाल्या,

“दात कशानं घासतीस गं?”

“मशेरीनं. दुसरं काय हाय घरात?”

“आन् दिवसातनं परत कवा?”

“जेवल्यावर. रानात कट्टाळा आला की. सांच्याला भाकरी थापायच्या आधी. झोपताना एकदा, न्हाईतर झोपच लागत न्हाई.”

“मग कार्डावर तंबाखू न्हाई म्हणून सांगितलंस?”

“तंबाखू ह्येंची असती, ताई. मी कुठं खाती?”

ती खोटं बोललेली नव्हती. मशेरी म्हणजे तंबाखूच. पानं तव्यावर काळी होईपर्यंत भाजायची आणि कुटून भुकटी करायची. पण घरात ती खाण्याची वस्तू म्हणून येत नाही. आजीने दाढ दुखते म्हणून हिला पहिल्यांदा लावून दिली, तेव्हा ही अकरा वर्षांची होती. ज्या घरात पानाचा डबा पुरुषाचा आणि मशेरीची डबी बाईची, तिथे ‘तंबाखू खाता का’ या प्रश्नाला बाई ‘नाही’च म्हणणार.

हा प्रश्न फुटकळ नाही. २०१६-१७च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणाच्या भारतातल्या फेरीत महाराष्ट्रातल्या १७ टक्के प्रौढ बायका कुठल्या ना कुठल्या रूपात तंबाखू वापरत होत्या. धूम्रपान करणाऱ्या जेमतेम दीड टक्का. उरलेल्या सगळ्या बिनधुराच्या, आणि त्यात मशेरीचा वाटा मोठा. शहरात हे नसेल असंही नाही. मुंबईत घरोघर फिरून नोंदवलेल्या १,२१७ गरोदर बायकांचा जो अभ्यास प्रकाश गुप्ता आणि श्रीविद्या यांनी २००४ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये प्रसिद्ध केला, त्यातही सुमारे १७ टक्के बायका बिनधुराची तंबाखू वापरत होत्या, आणि ती बहुतांशी मशेरीच होती.

आता गोळ्या. आशाताईंनी ट्रंक उघडायला लावली, तर आत सात-आठ पाकिटं न फोडलेली. गोळी घेतली की संडासला खडा होतो, रंग काळा येतो आणि मळमळतं, म्हणून ती दोन-तीन दिवसांआड एखादी घ्यायची. पोट साफ व्हावं म्हणून पहाटे मशेरी जास्त लावायची. निकोटिनने आतडी हलतात, हे खरंच आहे. तिचा अनुभव खोटा नव्हता. पण त्याच निकोटिनने भूक मरते. त्यामुळे सकाळी मशेरी आणि एक कप चहा यावर ती रानात जायची. पहिला घास अकरा-साडेअकराला. वर पुन्हा चहा. जेवणालगतच्या चहाने भाकरी-उसळीतलं लोह अंगी कमी लागतं. दुपारी भूक नसल्यामुळे भाकरी अर्धीच. दिवसभर पाणी कमी, कारण रानात आडोसा नाही. पाणी कमी, म्हणून बद्धकोष्ठ वाढलेलं. बद्धकोष्ठ वाढलं, म्हणून गोळी बंद. गोळी बंद, म्हणून रक्त चढत नाही. रक्त नाही, म्हणून थकवा. आणि थकवा घालवायला परत डबी.

या साखळीत ‘व्यसन’ ही एकच कडी सुटी काढून तिच्यावर भाषण केलं असतं, तर काहीही झालं नसतं.

पोटातल्या बाळाला याने काय होतं

हिरड्यांतून निकोटिन थेट रक्तात जातं. रक्तवाहिन्या आकसतात, वारेकडे (प्लॅसेंटाकडे) जाणारं रक्त कमी पडतं. निकोटिन वार ओलांडून बाळापर्यंतही पोचतं. भाजण्यामुळे पानांत धुरातलीच काही कर्ककारक द्रव्यं तयार होतात, ती वेगळी. तंबाखू जाळून ओढली नाही म्हणजे निर्धोक, ही समजूत मशेरीच्या बाबतीत तर दुप्पट चुकीची आहे.

मुंबईच्या त्या अभ्यासात गरिबी, शिक्षण, वजन वगैरे फरक हिशेबात धरूनही तंबाखू वापरणाऱ्यांची बाळं सरासरी १०५ ग्रॅमने हलकी निघाली आणि सरासरी सहा दिवस आधी जन्मली. १०५ ग्रॅम ऐकायला काहीच वाटत नाही. पण जिथे बाळं आधीच अडीच किलोच्या आसपास जन्मतात, तिथे शंभर ग्रॅमनी बरीच बाळं कमी वजनाच्या रेषेखाली जातात. त्याच बायकांच्या २००६ साली प्रसिद्ध झालेल्या पुढच्या विश्लेषणात मृत बाळ जन्मण्याचं प्रमाण वापरणाऱ्यांत शंभरामागे सुमारे ९, न वापरणाऱ्यांत सुमारे ३ आढळलं. तंबाखू वापरणाऱ्या गरोदर बायकांत रक्तक्षय जास्त असतो, हेही याच गटाच्या कामातून दिसलं. हिचं न चढणारं हिमोग्लोबिन या संदर्भात पाहिलं की वेगळंच दिसू लागतं.

तिला हे आकडे सांगितले नाहीत. ‘बाळ मरंल’ हे तर मुळीच नाही. एक तर पहिलं बाळ समोर अंगणात खेळत होतं, तिचा विश्वास बसला नसता. दुसरं, घाबरलेली बाई डबी सोडत नाही, ती लपवायला लागते. आशाताई एवढंच म्हणाल्या की पहिला लवकर आणि बारका झाला, त्याला मशेरीचा हात असू शकतो. या खेपेला अजून साडेचार महिने हातात आहेत.

काय केलं, आणि काय जमलं नाही

सुरुवात डबीपासून नाही, पोटापासून केली. डॉक्टरांनी पहिले दहा दिवस दोनऐवजी एकच गोळी ठेवली. ट्रंकेत पडणाऱ्या दोन गोळ्यांपेक्षा पोटात जाणारी एक बरी, हा त्यांचा हिशेब. रात्री जेवणानंतर तासाभराने, लिंबू पिळलेल्या पाण्याबरोबर. चहाबरोबर नाही आणि कॅल्शियमबरोबरही नाही, कॅल्शियम जेवणासोबत. झोपताना इसबगोल. रानात जाताना दोन लिटरची बाटली, आणि बांधावर जुन्या साडीचा आडोसा. हा आडोसा नवऱ्याने बांधला. आडोसा कशाला लागतो, हे त्याला कोणीतरी सांगेपर्यंत सुचलं नव्हतं. संडासचा रंग काळा येणं हा गोळीचाच परिणाम आहे, त्यात भिण्यासारखं काही नाही, हेही तिला पहिल्यांदाच कळलं.

मग सकाळचं खाणं. इथे सल्ला त्या घराच्या मापाचा करावा लागला. रात्रीची शिळी भाकरी दुधात कुस्करून, दूध डेअरीला जाण्याआधी काढून ठेवलेलं, एक पेला. दाण्याची चटणी. आठवड्यातून तीन-चारदा अंडं. घरात सोवळं-ओवळं नव्हतं, म्हणून ते सोपं गेलं. दुपारी मटकीची किंवा हुलग्याची उसळ, वर लिंबू. परसातल्या शेवग्याचा पाला, जो आजवर फक्त शेळ्या खायच्या. गूळ-दाणे चालू होतेच. ते चांगलंच आहे, पण नुसत्या गुळाने रक्त भरतं ही गावोगावची खात्री मात्र फार उदार आहे. चहा दोनच वेळा, तोही जेवणापासून तासभर लांब.

आणि मग मशेरी. तिने स्वतःच ठरवलं, एकदम सोडणार. तिसऱ्या दिवशी डोकं ठणकायला लागलं, पोरावर हात उगारला आणि संध्याकाळी डबी उघडली. असंच होतं. निकोटिन सुटल्याचा त्रास पहिल्या दोन-तीन दिवसांत सगळ्यात जास्त असतो आणि दोन-चार आठवड्यांत ओसरतो. कोणी हे आधी सांगितलेलं नसलं, की आपल्याला काहीतरी आजार झाला असं बाईला वाटतं. दुसऱ्या खेपेला वेळा एकेक करून कमी केल्या. आधी रानातली, कारण तिथे डबी नेलीच नाही की प्रश्न मिटतो. मग जेवणानंतरची, तिच्या जागी भाजलेली बडीशेप आणि ओवा. झोपतानाची सोडायला वेळ लागला. पहाटेची सगळ्यात शेवटी. दात घासायला ब्रश आणला, तर पहिले आठ दिवस तिला तोंड धुतल्यासारखंच वाटेना.

निकोटिनचं च्युइंगम किंवा गोळ्या दिल्या नाहीत. गरोदरपणात आधी समजावणं, सोबत आणि पाठपुरावा. औषधाचा विचार डॉक्टरांनीच करायचा, दुकानातून आणून स्वतःच चालू करायचं नाही. राष्ट्रीय तंबाखू-मुक्ती हेल्पलाइनचा १८००-११-२३५६ हा फुकटचा नंबर नवऱ्याच्या मोबाइलमध्ये घालून दिला. तिने तो एकदाही लावला नाही. अनोळखी माणसाशी फोनवर मशेरीबद्दल काय बोलायचं, हा तिचा सवाल. तिच्या बाजूने पाहिलं तर तो रास्तच आहे.

खरी अडचण सासूची होती. मशेरी घरी भाजायची ती सासू, आणि भाजली की वास घरभर. “आमी न्हाई का चार पोरं काढली मशेरी लावून?” हे तिचं म्हणणं. त्या चारांत एक मेलेलं जन्मलं होतं, गावाला माहीत होतं, आशाताईंनाही. त्यांनी ते काढलं नाही. काढलं असतं तर वाद जिंकला असता आणि घर हातचं गेलं असतं. त्या म्हणाल्या, “मावशी, तुमी सोडा म्हणत न्हाई मी. भाजायचं तेवढं गोठ्याकडं करा, आन् डबी चुलीमागं नको.” एवढं सासूने ऐकलं. तिची मशेरी शेवटपर्यंत सुटली नाही, पण डबी सुनेच्या हाताशी राहिली नाही.

कायद्याचा इथे फारसा उपयोग नाही. तंबाखू असलेल्या दंतमंजनावर आणि टूथपेस्टवर देशात १९९२पासून बंदी आहे. गुटख्यावर महाराष्ट्रात २०१२पासून. पण घरच्या तव्यावर भाजलेल्या पानांना यातलं काहीच लागू पडत नाही.

कामाचं म्हणाल तर पाण्याच्या घागरी नवरा आणि नणंद आणू लागले. भांगलण पूर्ण थांबली नाही. दुपारी दीड-दोन तास कुशीवर आडवं व्हायचं एवढं ठरलं, आणि उन्हाळा असल्याने ते जमलंही.

पुढचं असं. पूर्ण रक्ततपासणीत लोहाच्या कमतरतेचंच चित्र आलं, दुसरं काही नाही. दहा दिवसांनंतर गोळ्या पुन्हा दोन झाल्या आणि या वेळी त्या पोटात जात होत्या. २६व्या आठवड्यात हिमोग्लोबिन १०.१, त्यामुळे शिरेतल्या लोहाचा बेत मागे पडला. दर महिन्याच्या ९ तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात डॉक्टरांची तपासणी होते, तिथे दोनदा नेलं. २८व्या आठवड्यात मशेरी फक्त पहाटेची उरली. डोहाळजेवणाला माहेरी गेली आणि आठ दिवसांत परत तीन वेळांवर आली. आई, मामी, चुलत्या, सगळ्यांच्या डब्या. परत आल्यावर ३१व्या आठवड्यापासून बंद. ३४व्या आठवड्यात हिमोग्लोबिन १०.८, अकराला थोडं कमीच. एकूण वजन आठ किलोने वाढलं. ३८ आठवडे पूर्ण झाल्यावर ग्रामीण रुग्णालयात साधं बाळंतपण, मुलगी, २ किलो ६०० ग्रॅम.

यातून काय धरायचं

पहिल्यापेक्षा पाचशे ग्रॅम जास्त, हे ऐकून प्रशिक्षणाच्या वर्गात टाळ्या पडतात. मला त्या टाळ्या आवडत नाहीत. दोन आठवडे जास्त पोटात राहिल्यानेच त्यातले बरेच ग्रॅम आले असणार. दुसरं मूल पहिल्यापेक्षा साधारणपणे थोडं भारीच असतं. रक्त वाढलं, खाणं वाढलं, काम कमी झालं. मशेरी सुटण्याचा यात वाटा किती, हे एका बाईवरून सांगता येत नाही. १०५ ग्रॅम ही शेकडो बायकांची सरासरी आहे, हिच्या बाळाच्या वजनाची पावती नव्हे. पण म्हणून प्रयत्नाची किंमत कमी होत नाही. कमी वजन आणि वेळेआधीचं बाळंतपण यांची जी कारणं घरात बसून बदलता येतात, त्यांत ही एक होती, आणि २०व्या आठवड्यापर्यंत ती कार्डावर ‘नाही’ म्हणून दडून राहिली.

आणखी एक खटकणारी गोष्ट. ही बाई गरोदर होण्याच्या आधी दोन वर्षं लसीकरणाच्या प्रत्येक दिवशी मुलाला घेऊन उपकेंद्रात येत होती. ४१ किलोची होती, मशेरी लावत होती, पहिलं बाळ कमी दिवसांचं होतं. हे सगळं तेव्हाही विचारता आलं असतं. फॉलिक ॲसिड दिवस राहण्याआधीपासून घ्यायचं असतं, कारण बाळाच्या पाठीच्या कण्याची घडण पहिल्या महिन्याभरातच होते. नोंदणी १४व्या आठवड्यात झाली, तोवर ती वेळ निघून गेली होती. तंबाखूचंही तसंच. जितकी लवकर सुटेल तितका फायदा, आणि उशिरा सुटली तरी काहीएक फायदा, असं सिगारेटबाबतच्या अभ्यासांतून दिसतं.

बाळंतपणानंतरचे दिवस जास्त निसरडे. माहेरी दीड महिना, अंगावर दूध, रात्रीची जागरणं, आणि खोलीत शेकशेगडीशेजारी आजीची डबी. निकोटिन दुधातही उतरतं. दीड महिन्याच्या लसीला आली तेव्हा तिने स्वतःहून सांगितलं की माहेरी तीन-चारदा लावली, इकडे आल्यावर नाही. लपवलं नाही, हे मला हिमोग्लोबिनच्या आकड्याइतकंच मोलाचं वाटतं. त्याच दिवशी तांबी बसवली, म्हणजे पुढचं मूल लांबणार असेल तर ते तिच्या ठरवण्याने. लोहाच्या गोळ्या बाळंतपणानंतरही १८० दिवस घ्यायच्या असतात, त्या लिंबूपाण्याबरोबर चालू आहेत.

उपकेंद्राने आता पहिल्या भेटीत ‘दात कशानं घासता, आणि दिवसात किती वेळा’ असा प्रश्न घेतला आहे. हा प्रश्न गरोदर बाईच्या सासूसमोर विचारायचा नाही, एवढीच अट.

नणंदेचं राहिलं. आशाताईंनी तिलाही परसात एकटीला गाठून तोच प्रश्न विचारला. वहिनीने सोडल्यापासून हिने सुरू केली होती. बारावीचा अभ्यास जागून करायचा तर झोप उडायला, असं तिचं कारण. तिचं वजन ३९ किलो आहे, हिमोग्लोबिन अजून तपासलेलं नाही. पुढच्या भेटीची तारीख तिच्या नावाने लिहिली आहे.